नवरीचा मामा

मालवणहून लग्नाला आलेल्या पाहुण्यांना सकाळी गोरेगावला शूटिंग बघायला नेलं. बस मुलुंडच्या हॉलवर परतली, तेव्हा नवरीचा बाळामामा तिच्यात नव्हता. फोनही बंद.

भटजींनी दुसऱ्यांदा हाक मारली, "मामा, मुलीला आणा."

"काकाला उभं करा ना, मुहूर्त चाललाय," नवऱ्याकडचं कुणीतरी करवादलं.

जान्हवीने हातातला हार घट्ट धरला. बाबा गेल्यापासून तिला मामाच होता. "मी थांबेन, आई."

तेवढ्यात मामा धापा टाकत आला. डोक्याला कुणाचा तरी जरीचा फेटा.

"कुठे होतास रे?" आईचा आवाज चिरकला.

 

"गो बाय, थंय एका नवरीच्या पाठी मामाच नाय, म्हणान उभो रवलंय. पण मेले तिचा लग्न परत परत लावीत रवले."