ठरावाचं कारण

दुपारच्या कवायतीत दोन पोरी चक्कर येऊन पडल्या, तरी पालकसभेत सकाळच्या शाळेला कोणी तयार होईना.

"हवामान बदललं-गिदललं काई नाई," अध्यक्ष महादेवराव म्हणाले. "आज्याच्या वक्ताचंच ऊन आहे. होळीनंतर पाहू." सगळ्यांच्या माना डोलल्या.

समुद्रपूरच्या बाजारातून गवत आणून दर उन्हाळ्याआधी गावभरच्या कूलरच्या जाळ्या भरणारी रुख्मिणी कामाच्या तारखांची वही घेऊन उठली. तिची धाकटी त्या दोघींतली एक.

"मामाजी, पंच्याण्णव साली तुमचा कूलर होळीनंतर आठ दिवसांनी भरला. दोन हजार एकमध्ये होळीच्या आधी. औंदा तं शिवरात्रीलेच तुमचा निरोप, 'लवकर येजो!' बाकीच्यायचं बी वाचू, का सर्वायचे कूलर होळीनंतरच भरू?"

"बस वं बाई," महादेवराव पुटपुटले.

सकाळच्या शाळेचा ठराव एकमताने झाला. गुरुजींनी कारण लिहिलं, 'पालकांच्या सोयीसाठी.' सह्यांचं रजिस्टर फिरत रुख्मिणीपाशी आलं. तिने ती ओळ खोडली, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ऊन वाढलं म्हणून', आणि रजिस्टर परत महादेवरावांपुढे सरकवलं.

"आता करा सही, मामाजी."