टोल्यांची उजळणी

एटापल्लीकडच्या त्या गावात कोणीही वारलं, की जितकं वय तितके टोले चर्चच्या घंटेवर पडायचे. पाळकांच्या पत्नी एस्तेरबाई मिशनच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. खोटं वाटेल, पण त्यांच्या वर्गातली पोरं आकडे पाटीपेक्षा या टोल्यांवरच जास्त शिकली. म्हातारं गेलं, की नव्वदीपर्यंतची उजळणी फुकटात.

त्या साली तापाची साथ होती. बाईंचा सहा वर्षांचा लेक घरी फणफणत पडलेला, अन् घंटा सुरू झाली. पोरं मोजू लागली. सहाव्या टोल्याला बाईंनी डोळे मिटले.

सातवा पडला अन् घंटा थांबली. "धन्यवाद, प्रभू," बाई मोठ्यानं बोलून गेल्या.



पुढच्या रांगेतली रोशनी दप्तर आवरत म्हणाली, "बाई, मी घरी जाऊ का? आमचा राजदीप सात वर्साचा हाये."