मांडवावरची सुकेळी

"काकू, निमिषला झोपू देऊ नका," फोनमधला मुलगा म्हणाला. "मी कौस्तुभ, त्याच्या तुकडीतला. सुरुंग फुटला. त्याच्या मांडीत लोखंड शिरलंय. रक्त बांधून थांबवलंय, हेलिकॉप्टर निघालंय, पण इथे डोंगरावर ढग आहेत. ते येईपर्यंत त्याला जागं ठेवा म्हणालेत डॉक्टर. माझं तो ऐकत नाही. फोन त्याच्या कानाला लावतो, तुम्ही बोला."

गिरीज गावच्या वाडीत निमिषची आई मंदा बांबूच्या मांडवापाशी उभी होती. मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात पसरलेली, सुकेळी व्हायला. तिचे हात रसाने चिकट, म्हणून फोन सुनेने, निमिषच्या बायकोने, स्पीकरवर धरला होता. सीमाने पदराने डोळे पुसले, तसा फोन खाली सरकला.

"रडायचं असेल तर विहिरीकडे जा," मंदा म्हणाली. "नाहीतर फोन नीट धर."

सीमाने फोन नीट धरला.

"निमिष! ए निमिष!"

"झोप येतेय, आई."

"भर दुपारी झोपायला तू काय बाळंतीण आहेस?"

फोनमध्ये नुसता वारा.

मंदाने जन्मात कुणाला आपली चूक काढू दिली नव्हती. नवऱ्याला नाही, सुनेला तर नाहीच. निमिष तेवढा काढायचा, आणि मग मायलेकांचं भांडण पार पलीकडच्या सांडोर गावापर्यंत ऐकू जायचं.

तिने एक केळं उलटवलं.

"ऐक. यंदा वेलची केळ्यांची सुकेळी घातलीत मी."

वारा. मग हळूच, "वेलचीची होत नाहीत."

"होतात. मी म्हणते होतात."

"राजेळीचीच होतात, आई. वेलचीत आहे काय वाळायला?"

"आणि कच्चीच सोलली. पिकायची वाट कोण बघत बसतंय?"

"कच्ची? लाकडं होतील त्यांची."

सीमा सासूकडे बघतच राहिली. समोर मांडवावर पिकलेली राजेळी मधासारखी चमकत होती.

"मोठा आलाय शहाणा. नको खाऊस मग."



"काकू, डोळे मिटतोय तो," कौस्तुभ घाईने म्हणाला. "थांबू नका, बोला!"

मंदाचा हात केळ्यावरच राहिला. मग कुंपणाशी उभं राहून शेजारणीशी बोलावं, तशी म्हणाली, "आणि संध्याकाळी उचलत पण नाही हल्ली. रात्रभर मांडवावरच असतात. उघडी."

फोनमध्ये काहीतरी धडधडू लागलं. आधी लांब, मग अगदी जवळ.

"आलं, काकू! ढगातून उतरलं!" कौस्तुभ ओरडला. "स्ट्रेचर इकडे! उचला, उचला!"

आणि त्या सगळ्या गदारोळात निमिषचा आवाज आला, चिडलेला, चांगला खणखणीत. "दव लागेल! वेड लागलंय का तुला? आत घे ती आधी!"

फोन बंद पडला.

सीमाने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "आई, काय म्हणाले हो ते? त्या आवाजात मला कळलंच नाही."

"म्हणाला, आईला काही कळत नाही," मंदा म्हणाली. मान ताठ होती.

तिने खांबाला टांगलेली टोपली काढली आणि कडेपासून एकेक केळं उचलून तिच्यात ठेवू लागली.

"आई, अजून ऊन आहे."

"असू दे. त्याने आत घ्यायला सांगितलंय."