दहावं हर्डल
क्रीडासंकुलाने भंगारात काढलेलं हर्डल तिने घरी आणलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं बाई, टॉवेल वाळत घालायची सोय झाली!" आडव्या फळीमागे रंगवलेला दहाचा आकडा त्याने पाहिलाच नव्हता. शेवटच्या अडथळा-शर्यतीत नऊ हर्डलं तिने लीलया ओलांडली, नवव्यावरून उतरताना गुडघा निखळला आणि दहावं समोर तसंच उभं राहिलं. नवव्या-दहाव्यामधली तीन पावलं तेव्हापासून अकरा वर्षं तिचे पाय झोपेतही टाकत होते. आज तिने त्यावरचा ओला टॉवेल त्याच्या हातात कोंबला. तीन पावलं टाकली, भिंत धरली, आधी धड पाय पलीकडे, मग दुखरा. "अगं, पडशील!" तो ओरडला आणि त्याला आकडा दिसला. तो स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल शर्यतीच्या शेवटच्या फितीसारखा आडवा ताणून उभा राहिला. "पळ की! मागच्या पोहोचल्या बघ!" तिने सवयीने छाती पुढे झोकून दिली.