साखरपुड्याच्या बांगड्या

ओल्फाच्या तपासणीत शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू निघाला, तसा स्कंदरने साखरपुडा मोडला. "कुठे तोंड मारून आली कुणास ठाऊक," असं तो अख्ख्या ट्यूनिसभर सांगत सुटला. खरं तर त्याच्याशिवाय तिला कुणाचा हातही लागला नव्हता. "पुरुषाला काहीच दिसत नाही, तरी त्याच्याकडून लागण होते," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

दोन महिन्यांनी स्कंदरची आई बांगड्या परत न्यायला आली, तीही त्याच्या नव्याने ठरलेल्या नवरीला, नेसरीनला, सोबत घेऊन.

"माझ्या मुलाने दिलेलं सगळं काढ," म्हातारी दारातूनच म्हणाली. "या पोरीला होतात का बघू दे."

ओल्फाने बांगड्या आणल्या, स्वतःच्या हाताने नेसरीनला चढवल्या आणि तिच्या हातात आपला रिपोर्ट ठेवला.

"त्याने दिलेलं एवढंच राहिलंय, खाला. हे काही मला परत करता येत नाही. पण हिला अजून लग्नाआधी लस घेता येईल."

नेसरीनने रिपोर्ट दोनदा वाचला. मग एकेक बांगडी उतरवून म्हातारीच्या हातावर ठेवली.



"तुझ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दे," ती ओल्फाला म्हणाली. "मला लसीला उशीर झालाय, आता तपासणीच करून घ्यावी लागेल."