हात ठेवून बघ

बादू उद्या कुमासी सोडून कायमचा उत्तरेकडे, लेकीजवळ जाणार होता. तिकडचे रस्ते खडबडीत, म्हणून वेल्डर ओपोकू त्याच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या नळीला पोलादी पट्टी जोडत होता. बोटभर टाका अलीकडे, बोटभर पलीकडे, मग नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत थांबायचं. घाई केली की वाकते. थांबताना दोघे मित्र जुन्या सवयीने ओवारेच्या पटावर बिया मांडत. "टाक्यांपेक्षा तुझ्या चाली हळू," बादू म्हणाला. "घाई हरणाऱ्याला असते, म्हाताऱ्या." शेवटचा टाका पडून बराच वेळ झाला, डावही संपला. बादू किल्ली घेऊन उठला. "अजून गरम असेल," ओपोकू पटाकडे बघत म्हणाला. "हात ठेवून बघ." बादूने तळवा ठेवला. नळी केव्हाच गार झाली होती. हात झटकून बोटांवर फुंकर मारत तो पुन्हा स्टुलावर टेकला. "चटका बसला रे. मांड डाव."