टेपखालचा दिवा

"गाडीखालचा, धुराच्या नळीतला कन्व्हर्टर लालबुंद तापतोय, बदला," मेकॅनिकने बजावलं होतं. थोरल्याने डॅशबोर्डवरच्या धोक्याच्या पिवळ्या दिव्यावर काळी टेप चिकटवून जुनी गाडी तशीच दामटली.

आज धाकटा भाऊ दोघांच्या शेतांमधला बांध कोरताना दिसला आणि थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीसाठी इंजिन आणि एसी चालू ठेवून, वाळल्या गवतात गाडी उभी करून तो पाना घेऊन धावला.

पहिल्या फटक्यात धाकट्याचा हात मोडला, दुसऱ्यात कपाळ फुटलं. "दादा, गाडी पेटली!" तो किंचाळला.

"थापा मारतोस, भाडखाऊ?"

धाकटा त्याला ढकलून धावत सुटला. गाडीखालून जाळ उठला होता. थोरला पाना हातात तसाच धरून उभा राहिला.

धुरातून धाकटा आला. एका खांद्यावर खोकणारी पोर, दुसरा हात लोंबकळत.

"आधी हिला धर. मग मार."